विजेची गाडी: रोजची चाकरी आणि लांबचा पल्ला

विजेच्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "एका चार्जमध्ये किती चालते?" प्रश्न रास्त आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. रोजच्या वापरात गाडी सुखाची होणार की डोक्याला ताप, हे ती रात्री कुठे उभी राहते आणि तिथे हक्काचं सॉकेट आहे का, यावर ठरतं. लांबच्या प्रवासाचं सुख वाटेतल्या डीसी चार्जरवर (थेट बॅटरीत वीज भरणारा जलद चार्जर) आणि गाडी तिथे किती वेगाने वीज घेते, यावर ठरतं. बॅटरी किती मोठी, हे त्यानंतर.

हा आढावा कुठल्या एका मॉडेलचा नाही. ४० ते ७५ युनिटची बॅटरी असलेल्या, चार-पाच माणसं बसतील अशा गाड्यांबरोबर राहणं कसं असतं, त्याचा आहे. युनिट म्हणजे वीजबिलावर असतं तेच, एक किलोवॉट एक तास वापरला की एक युनिट. हिशेबाला सोपं म्हणून पुढे सगळीकडे ६० युनिटची बॅटरी धरली आहे.

रोजचा हिशेब

शहरातल्या चालीने अशी गाडी १०० किलोमीटरला साधारण १२ ते १५ युनिट खाते. रोजचे ४० किलोमीटर धरले तर बॅटरीतून सहा युनिट जातात, आणि भरतानाची गळती धरली की मीटरवर सात-सव्वासात पडतात. गाडीबरोबर येणारा छोटा चार्जर २३० व्होल्टवर १० अँपिअर घेतो, म्हणजे २.३ किलोवॉट. तीन-सव्वातीन तासांत कालचा खर्च भरून निघतो आणि गाडी तर रात्रभर उभीच असते. 'भिंतीवरचा मोठा चार्जर नसेल तर विजेची गाडी घेऊच नका' असं सांगणाऱ्यांनी हा गुणाकार केलेला नसतो. मोठा चार्जर लागतो तो रोजची धाव शंभराच्या वर असेल, घरात अशा दोन गाड्या असतील किंवा स्वस्त दराची वीज रात्री मोजके तासच मिळत असेल तर.

मोठ्या चार्जरचा एक फायदा मात्र कुणी फारसा सांगत नाही. चार्जिंग चालू असताना गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स आणि कूलंटचा पंप जागे असतात. त्यांना दोन-तीनशे वॅट लागतात. २.३ किलोवॉटमधून ३०० वॅट गेले तर तेरा टक्के तिथेच गेले. ७.४ किलोवॉटमधून तेवढेच गेले तर चार टक्के. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी करतानाची घट दोन्हीकडे आहेच. म्हणून सावकाश चार्जिंग बॅटरीला सोसतं, पण मीटरला थोडं जड जातं.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवलेला बरा. एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो; भिंतीवरची पेटी म्हणजे सुरक्षित स्विच. आतला चार्जर सिंगल फेज ७.४ किलोवॉटचा असेल, तर चार्जिंगच्या २२ किलोवॉटच्या खांबाला लावूनही गाडी ७.४ च घेणार. २२ ची पाटी पाहून तासाभरात निघायचा बेत केला की फसगत ठरलेली.

वायरिंग, अर्थिंग आणि करपलेले प्लग

घरच्या चार्जिंगच्या बहुतेक तक्रारींचं मूळ गाडीत नसतं, भिंतीत असतं. गिझर किंवा इस्त्री पूर्ण भार घेते, पण थोडा वेळ आणि थांबून थांबून. गाडी तोच भार सलग सहा-आठ तास ओढते. सॉकेटच्या मागचा स्क्रू जरासा सैल असेल तर तिथे रोध वाढतो, रोधामुळे उष्णता, उष्णतेमुळे पितळी पकड आणखी ढिली, आणि एक दिवस प्लग वितळतो. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल, पिन तपकिरी झाली असेल किंवा प्लॅस्टिकचा वास येत असेल तर सॉकेट त्याच दिवशी बदला. नवं सॉकेट येईपर्यंत चार्जिंग करावंच लागलं तर दुसऱ्या, चांगल्या सॉकेटवर, आणि गाडीच्या मेनूतून करंट ८ अँपिअरवर आणून. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दहाचे आठ केले तरी ती जवळपास एक तृतीयांशाने उतरते.

गाडीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. त्या लाइनवर पाण्याचा पंप नको, गिझर नको. ३२ अँपिअरचा चार्जर बसवायचा असेल तर तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि ४० अँपिअरचा एमसीबी. अंतर पंचवीस-तीस मीटरच्या पुढे असेल तर वायर १० ची. गळती-करंट पकडणारा आरसीडी नेहमीचा साधा 'एसी टाइप' असून चालत नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो, आणि घरातल्या इतर धोक्याच्या वेळीही मग वीज तोडत नाही. 'ए टाइप' घ्या आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे ना ते बघा. नसेल तर 'बी टाइप' लागेल. इलेक्ट्रिशियनला हे माहीत नसेल तर इलेक्ट्रिशियन बदला.

अर्थिंग हा सगळ्यांत जास्त छळणारा भाग. चार्जर दर वेळी सुरुवातीला अर्थिंग तपासतो आणि ते कच्चं असेल तर लाल दिवा दाखवून बसतो. फ्रिज, मिक्सर तक्रार करत नाहीत, म्हणून घरातल्यांना वाटतं गाडी बिघडली. मग सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या, चार्जर बदलून आणणं, पुन्हा तोच लाल दिवा. आधी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या बराच वर असेल तर अर्थिंगचा खड्डा किंवा वाटेतला एखादा जोड बघावा लागेल. यावर एक 'जुगाड' सर्रास सुचवला जातो, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकण्याचा. दिवा हिरवा होतो खरा, पण उद्या न्यूट्रल कुठे तुटलं तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते. हा प्रकार कुणीही, कितीही आत्मविश्वासाने सांगितला तरी करू नका.

एक्स्टेन्शन बोर्ड टाळा. अगदीच नाइलाज असेल तर जाड वायरचा, आणि वेटोळं पूर्ण सोडवून. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि वेटोळं आतून वितळतं.

स्वस्त विजेच्या वेळेसाठी टायमर लावण्याची सोय चार्जरमध्येही असते आणि गाडीतही. दोन्हीकडे लावला आणि वेळा जुळल्या नाहीत तर सकाळी बॅटरी जिथल्या तिथे. टायमर एकाच ठिकाणी लावा, दुसरीकडे 'लगेच सुरू' ठेवा.

किती भरायची? बॅटरीचं रसायन बघून. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर रोज ८० टक्के पुरे, १०० टक्के फक्त लांब निघायच्या रात्री. या बॅटरीच्या पेशी (सेल) पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हात, नुसत्या उभ्या राहिल्या की लवकर म्हाताऱ्या होतात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असेल तर बहुतेक कंपन्या अधूनमधून, साधारण आठवड्यातून एकदा, पूर्ण १०० टक्के करायला सांगतात. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे किती भरली आहे याचा अंदाज बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) नीट लागत नाही आणि चूक साठत जाते; पूर्ण भरल्यावर मोजमाप पुन्हा जागेवर येतं. हे न केल्यास २० टक्क्यांवरून काटा एकदम खाली घसरलेला दिसू शकतो. पंधरा-वीस दिवस गाडी उभी राहणार असेल तर दोन्ही प्रकारांत निम्म्याच्या आसपास ठेवून जा आणि कॅमेऱ्याने पहारा देणारी सोय बंद करा. ती दोन-तीनशे वॅट खाते, म्हणजे दिवसाला पाच-सात युनिट. उभ्या गाडीची बॅटरी 'आपोआप' उतरते, त्यामागे बऱ्याचदा हेच निघतं.

घरी सॉकेट नाहीच, सगळं चार्जिंग बाहेर, अशी स्थिती असेल तर? ऑफिसात एसी चार्जर असेल तर निभतं. तोही नसेल आणि दर आठवड्याला डीसी चार्जरवर तासभर थांबायचं असेल, तर आमचं स्पष्ट मत: थांबा, किंवा हायब्रिड घ्या. बाहेरची वीज महाग पडते हे एक, आणि निवांतपणा, जो या गाडीचा सगळ्यांत मोठा गुण, तोच हातून जातो.

चालवायला

वाहतुकीच्या गर्दीत ही गाडी इंजिनच्या गाडीपेक्षा निर्विवाद चांगली. गिअर नाही, धक्के नाहीत, थांबलेली असताना थरथर नाही, आणि एका पायावर काम भागतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटर जनित्र बनते आणि वेग उतरतो; यालाच रिजनरेशन म्हणतात. मात्र पाय झटक्यात सोडायची सवय असेल तर मागे बसलेल्यांना मळमळतं, मुलांना हमखास. पाय हळूहळू उचलायला शिका, किंवा मागे माणसं असताना रिजनरेशन खालच्या पातळीवर ठेवा. मोकळ्या महामार्गावरही ते कमीच बरं. वेग साठवून पुढे जाऊ देणं हे तो पकडून पुन्हा वीज करण्यापेक्षा फायद्याचं, कारण जाता-येता दोन्ही वेळा थोडं गळतं.

मागच्या सीटबद्दल जाहिराती बोलत नाहीत. बॅटरी जमिनीखाली असल्यामुळे पायाखालची फरशी वर येते. सीट तेवढी उंच केली नसेल तर गुडघे वर आणि मांड्या अधांतरी. तासाभरात कंबर बोलू लागते. ज्या गाड्या मुळात इंजिनसाठी आखल्या आणि नंतर विजेवर आणल्या, त्यांच्यात हे अधिक जाणवतं. टेस्ट ड्राइव्हला अर्धा वेळ मागे बसा.

गारव्याला वीज फारशी लागत नाही. उन्हात तापलेली गाडी थंड होईपर्यंत दीड-दोन किलोवॉट, मग अर्ध्या-पाऊण किलोवॉटवर चालतं. हीटरचं तसं नाही. इंजिनची फुकटची ऊब इथे नसते. तार तापवून हवा गरम करणारा हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॉट घेतो. हीट पंप असेल तर तेवढ्याच उबेला निम्मी-तिहाई वीज लागते. हा खर्च किलोमीटरवर पडत नाही, तासावर पडतो. म्हणून थंडीत कोंडीत अडकून पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांची रेंज सगळ्यांत जास्त कोसळते, महामार्गावरच्यांची त्या मानाने कमी. सीटचा हीटर पन्नास-शंभर वॅटमध्ये काम करतो. आधी तो लावा. आणि निघण्याआधी, गाडी प्लगला असतानाच, आतली हवा हवी तशी करून घ्या.

लांबचा पल्ला

कागदावरची रेंज इथे बाजूला ठेवायची. डब्ल्यूएलटीपी या रेंज मोजायच्या प्रमाणित चाचणीत सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर असतो आणि तापमान २३ अंश. महामार्गावर यातलं काही नसतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ९० वरून १२० वर गेलात तर दर किलोमीटरला हवा कापायचा खर्च पावणेदोन पटीच्या थोडा वर जातो. समोरून २० चा वारा असेल तर १०० ने चालवूनही हवेच्या लेखी तुम्ही १२० वर आहात. टपावर सामानाची पेटी असेल तर दहा-पंधरा टक्के धरून चला, आणि ओल्या रस्त्याचे थोडे वेगळे, कारण टायरला पाणी बाजूला सारावं लागतं.

डॅशबोर्डवरच्या किलोमीटरकडे बघू नका. तो आकडा मागच्या चालीवरून काढलेला असतो. शहरातून निघताना तो फुगलेला असतो आणि महामार्गाला लागल्यावर झपाट्याने उतरतो, म्हणून नवखा माणूस घाबरतो. टक्के दाखवायला ठेवा आणि आपला हिशेब आपण करा. ६० युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ०.६ युनिट. ताशी १०० च्या चालीला १०० किलोमीटरला १७ युनिट लागत असतील तर एका टक्क्यात साडेतीन किलोमीटर. १०० वरून १५ टक्क्यांपर्यंत उतरलात तर पहिला टप्पा ३०० किलोमीटर. पुढच्या टप्प्यांना गाडी १० ते ७० टक्क्यांत खेळवायची, म्हणजे २१० किलोमीटर. प्रवासी म्हणून तुमच्या कामाचा आकडा हा दुसरा आहे, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

७० च का? कारण डीसी चार्जिंगचा वेग शेवटपर्यंत सारखा नसतो. कमाल १०० किलोवॉट घेणाऱ्या गाडीचा साधारण नमुना बघा. १० ते ४० टक्के शंभराने, ११ मिनिटं. ४० ते ६० पंचाहत्तरने, जवळपास १० मिनिटं. ६० ते ८० पन्नासने, १४ मिनिटं. म्हणजे १० ते ८० ला ३५ मिनिटं. आणि ८० ते १०० ला, वेग वीसच्या घरात आल्यामुळे, पुन्हा तेवढीच ३६. पेशी भरत आल्या की त्यांचा व्होल्टेज मर्यादेला टेकतो आणि बीएमएस करंट कमी करत जातो; इलाज नाही. शेवटच्या २० टक्क्यांसाठी थांबायचं ते पुढे चार्जरच नसेल तरच. एरवी दोन लहान थांबे एका मोठ्या थांब्याला हरवतात.

म्हणून गाडी निवडताना 'कमाल किती किलोवॉट' याला भुलू नका. कमाल आकडा दोन मिनिटंही टिकला तरी पत्रकात छापता येतो. १० ते ८० किती मिनिटांत, ते विचारा. ह्युंदाई आयोनिक ५ सारखी ८०० व्होल्टची गाडी ३५० किलोवॉटच्या चार्जरवर ते १८ मिनिटांत करते असा कंपनीचा दावा आहे, आणि अशा गाडीत बॅटरी थोडी लहान असली तरी बिघडत नाही. मात्र ८०० व्होल्टच्या गाडीला ५०० व्होल्टपर्यंतच देणाऱ्या जुन्या चार्जरवर लावलं तर वेग बराच उतरतो. तुमच्या वाटेवर कोणते चार्जर आहेत, ते बघून पैसे घाला.

चार्जरच्या पाटीवरचा आकडाही तसाच तपासून घ्यायचा. ५० किलोवॉटचे बरेच चार्जर १२५ अँपिअरपर्यंतच देतात. गाडीचा व्होल्टेज ३५० असेल तर हाती येतात ४४. दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असलेला ६० चा चार्जर दुसरी गाडी आली की ३०-३० वाटून देतो. दुसरी गन रिकामी असेल असा, किंवा वीज न वाटणारा चार्जर निवडा.

आता वेगाचा प्रश्न. 'विजेच्या गाडीत सावकाश गेलं तर लवकर पोचतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे. ४०० किलोमीटरचा रस्ता घ्या. ताशी १०० ने चार तास आणि ६८ युनिट. १२० ने तीन तास वीस मिनिटं, पण १०० किलोमीटरला २२ प्रमाणे ८८ युनिट. घरून १०० टक्क्यांनी निघून १० टक्क्यांवर पोचायचं तर बॅटरीतले ५४ युनिट वापरता येतात, म्हणजे वाटेत भरायचे १४ किंवा ३४. सरासरी ६० किलोवॉट देणारा चार्जर असेल तर १४ विरुद्ध ३४ मिनिटं: वेगाने जाणारा वीस मिनिटं आधी पोचतो. चार्जर २५ किलोवॉटचा असेल तर ३४ विरुद्ध ८२ मिनिटं, आणि वेगाने जाणारा आठ मिनिटं उशिरा पोचतो, वर वीजही जास्त जाळतो. वेगमर्यादेच्या आत किती पळवायचं, ते पुढचा चार्जर केवढा आहे हे बघून ठरवा.

घाटाचं गणित वेगळं. माणसं-सामान धरून १,९०० किलोची गाडी १,००० मीटर वर चढवायला, रस्त्याचा नेहमीचा खर्च सोडून, पाच युनिटहून थोडी जास्त वीज लागते, बॅटरीचे जवळपास नऊ टक्के. उतरताना त्यातली साठ-सत्तर टक्के परत मिळते. पण माथ्यावरच्या मुक्कामी गाडी १०० टक्के भरून सकाळी उतरायला लागलात तर परत येणाऱ्या विजेला बॅटरीत जागा नसते. रिजनरेशन जवळजवळ बंद, सगळा भार ब्रेकवर, आणि एका पायाने चालवायची सवय झालेल्या माणसाला गाडी अचानक 'सुटल्यासारखी' वाटते. माथ्यावर ८५ च्या पुढे भरू नका.

चार्जरवर काय बिघडतं

बेत करताना दर थांब्याला १०-१५ टक्के हातात ठेवून पोचायचं आणि त्या उरलेल्या विजेत दुसरा चार्जर गाठता येईल असं बघायचं. नकाशावर चार्जर आहे एवढ्यावर जाऊ नका. प्लगशेअरसारख्या अ‍ॅपवर लोकांनी गेल्या दोन-चार दिवसांत काय लिहिलंय ते वाचा. महिनाभर कुणीच काही लिहिलं नसेल तर तो चार्जर बंद असल्याचं धरून चालणं शहाणपणाचं. पैसे भरायची अ‍ॅप घरच्या वायफायवर उतरवून, खातं उघडून, त्यात थोडी शिल्लक टाकून ठेवा. नेटवर्क नसलेल्या आडजागी ओटीपीची वाट बघत बसणं हा या प्रवासातला सगळ्यांत टाळता येण्याजोगा वैताग आहे. चार्जरला टेकवायचं आरएफआयडी कार्ड मिळत असेल तर घेऊन ठेवा.

चार्जिंग सुरू झालं नाही तर क्रम असा. आधी चार्जरवरचं लाल आणीबाणीचं बटण बघा. कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं. फिरवलं की सुटतं. मग गन पुन्हा लावा, आणि सुरुवातीचं अर्धं मिनिट ती हाताने किंचित वर उचलून धरा. डीसीची केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली ओढली जाते, वरच्या बारीक पिना नीट टेकत नाहीत आणि गाडी-चार्जरचं बोलणं तुटतं. 'संपर्क अयशस्वी' असं दाखवणारे कितीतरी चार्जर एवढ्यानेच चालू होतात. तरी नाही तर गाडी लॉक करून मिनिटभर थांबा, दुसरी गन बघा, आणि शेवटी मदत क्रमांकावर फोन करून चार्जर तिकडून रीस्टार्ट करायला सांगा. 'आयसोलेशन' असा शब्द पडद्यावर आला आणि हवा पावसाळी असेल तर गनमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. ती गन सोडून द्या.

वीज सुरू झाली पण वेग निम्माच? बॅटरी थंड असेल तर बीएमएस मुद्दाम करंट रोखते, कारण थंड पेशीत जोराने वीज कोंबली तर लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि पेशीचं कायमचं नुकसान होतं. गाडीच्याच नकाशात चार्जर हे ठिकाण घातलं की बऱ्याच गाड्या वाटेतच बॅटरी गरम करून ठेवतात. फोनवरच्या नकाशाने जाणाऱ्याला ही सोय मिळत नाही. उलट टोकाला, दिवसातल्या तिसऱ्या चार्जिंगला बॅटरी तापलेली असू शकते. २०१८ ची ४० युनिटची निसान लीफ यासाठीच बोलणी खाऊन गेली. तिच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही, आणि दिवसभरात दुसरं-तिसरं डीसी चार्जिंग फारच सावकाश होई. जुनी गाडी घेताना बॅटरीला द्रवाचं कूलिंग आहे का, हे पहिल्या पाचात विचारा.

गन अडकून बसली तर ओढाताण नको. चार्जिंग पडद्यावरून थांबवा, किल्लीने गाडी दोनदा अनलॉक करा, गन आत दाबून मग ओढा. त्यानेही सुटली नाही तर बहुतेक गाड्यांत हाताने सोडायची दोरी असते, कुठे डिकीच्या आतल्या बाजूला तर कुठे बॉनेटखाली. ती कुठे आहे ते मॅन्युअलात घरीच बघून ठेवा.

देखभाल

ऑइल नाही, क्लच नाही, बेल्ट नाही. राहतं ते केबिनचा फिल्टर, दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड आणि सांगितलेल्या मुदतीत कूलंट. बंद पडणारी वस्तू बहुधा मोठी बॅटरी नसते, छोटी असते, १२ व्होल्टची. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच (कॉन्टॅक्टर) ती चालवते. ती मेली तर ८० टक्के भरलेली गाडीही दार उघडत नाही. इंजिनच्या गाडीत स्टार्टर कुंथायला लागतो आणि आपण सावध होतो. इथे ती पूर्वसूचना नसते. लेड-अ‍ॅसिडची असेल तर चौथ्या वर्षी तपासून घ्या. जम्प स्टार्ट घेता येतो, पण आपल्या गाडीवरून दुसऱ्याचं इंजिन सुरू करून द्यायला बहुतेक कंपन्या मनाई करतात.

ब्रेक कमी वापरले जातात, म्हणून झिजत नाहीत, गंजतात. पावसाळी हवेत डिस्कवर तांबडा थर चढतो, कॅलिपरच्या पिना आखडतात. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर रिजनरेशन बंद करून, तशी सोय नसेल तर न्यूट्रलवर टाकून, चार-पाच वेळा ब्रेक चांगले दाबा.

टायर मात्र जास्त लागतात. गाडी त्याच आकाराच्या इंजिनवाल्या गाडीपेक्षा दोन-चारशे किलोंनी जड असते आणि सिग्नल सुटताच मिळणारा जोर रबर खातो. बदलताना भारनिर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरइतका किंवा वरचा, जादा भाराची खूण म्हणून एक्सएल किंवा एचएल असं लिहिलेलाच घ्या. साधा टायर बसतो, पण कडेने फुगतो. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, नुसता फेस भरायचा संच असतो. टायरची कड फाटली तर तो कुचकामी. लांब जाणाऱ्याने स्टेपनी कुठे ठेवता येईल ते गाडी घेतानाच बघावं.

रस्त्यात बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका. चाकं फिरली की मोटर वीज करत राहते आणि मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर जळू शकतो. सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवायची.

वापरलेली गाडी घेताना

बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, आणि क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तरच दावा करता येतो. क्षमता पहिल्या वर्षा-दोन वर्षांत थोडी पटकन उतरते, मग सावकाश. त्यामुळे तीन वर्षांची गाडी ९३-९४ टक्क्यांवर असेल तर घाबरण्यासारखं नाही. विकणाऱ्याने दाखवलेला १०० टक्के चार्जचा फोटो काहीच सांगत नाही. ओबीडी डोंगल (गाडीची आतली माहिती वाचणारं छोटं यंत्र) लावून एसओएच, म्हणजे बॅटरीची उरलेली क्षमता, आणि पेशींमधला व्होल्टेजचा फरक वाचा. बॅटरी २० टक्क्यांखाली असताना हा फरक शंभर मिलिव्होल्टच्या बराच आत हवा. शंभराच्या वर गेला तर एखादी पेशी मागे पडते आहे. मग एक एसी आणि एक डीसी चार्जिंग समोर करून दाखवायला सांगा. दोन्हींचे भाग वेगळे असतात. एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही, आणि गाडीतला चार्जर बदलणं हे वॉरंटीनंतरच्या मोठ्या खर्चांपैकी एक आहे.